घेण्यास नकार

ग्यानबाचे गुडघे आता ग्यानबाचं ऐकत नाहीत. सकाळी खाटेवरून उठायचं म्हणजे आधी एक पाय खाली, मग जरा थांबायचं, मग दुसरा. नोव्हेंबरअखेर पासष्ट पुरी होतात, तेव्हा डाकखातं मोकळं करील; तोवर कसंतरी ओढायचं, एवढाच विचार वर्षभर त्याच्या डोक्यात होता.

त्याचं डाकघर म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक लोखंडी पेटी, खिडकीला तारेची जाळी. आसेगावच्या रस्त्यावरून आत फाटा फुटतो, तिथं एसटीतून थैली उतरायची. ती उचलायची, फोडायची, शिक्के मारायचे, आणि सायकलवर तीन वस्त्या पालथ्या घालायच्या. बेचाळीस वर्षं हेच. आता सायकल गेली, पोराची जुनी मोटरसायकल आली, खात्यानं हातात मोबाईल दिला. पण उन्हाला काही कोणी बदललं नाही.

ग्यानबा लागला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बौद्धवाड्यातला पोरगा डाकवाला झाला म्हणून त्याच्या बापानं अख्ख्या वाड्यात गूळ वाटला. गावातल्या काही घरांना मात्र ते गोड लागलं नाही. तोंडावर कोणी काही म्हणायचं नाही हो, माणसं मोठी सभ्य! फक्त ग्यानबा कागद घेऊन दारात उभा राहिला, की आतून आवाज यायचा, "ठेव तिथं ओट्यावर." ग्यानबा ठेवायचा आणि वर वारा आला तर उडू नये म्हणून खडा ठेवायचा. रजिस्टर टपालाला सही लागायची, तेव्हा पेनही ओट्यावर ठेवायचं, आणि त्यांनी सही करून पुन्हा ओट्यावर ठेवलं की उचलायचं.

नाल्यापलीकडचं शेवटचं घर असंच होतं. त्या घरात पंचफुला सून म्हणून आली त्या साली, चैत्रात, तिच्या माहेरचं कार्ड आलं. ग्यानबानं सवयीनं ओट्यावर ठेवायला हात खाली नेला, तर ही बाई पुढं आली आणि कार्ड सरळ त्याच्या हातातून घेतलं. वर म्हणाली, "माह्या मायचं पत्र हाय, ते खाली काहून ठेवता भाऊ?" सासू आतून बघत होती. त्या दिवशी पंचफुलानं घरातल्याच कपात त्याला चहा दिला. त्या कपावरून घरात नंतर आठ दिवस धुसफुस चालली, हे ग्यानबाला पुष्कळ उशिरा कळलं. पंचफुलानं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि कपही बदलला नाही.

आता नोकरीची दुसरी गोष्ट. अगदी सुरुवातीच्या महिन्यांत तालुक्याहून एक ओव्हरशियर तपासणीला आला. पानानं रंगलेलं तोंड, काखेत लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. त्यानं ते उघडून ग्यानबाला समोर उभा केला आणि म्हणाला, "देखो बेटा, अठरासो अठ्ठ्यानबे का कानून है. जहाँ गया नहीं, वहाँ गया लिखेगा, तो छह महीने अंदर, नहीं तो जुर्माना." इंग्रजानं घातलेलं कलम होतं ते, डाकवाल्यांसाठी खास. डाकवाला जिथं गेलाच नाही तिथं गेल्याची खोटी नोंद करील, तर त्याला कैद.  ग्यानबानं कानाला खडा लावला आणि एकोणचाळीस वर्षं तो पाळला. पुरात पाळला, तापात पाळला, बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा पाळला.

चुकला तो एकदाच. तेही मे महिन्यात, दुपारी एक वाजता.

२०२२ सालची गोष्ट. गुडघा टम्म सुजलेला, सायकल पंक्चर, ती हातानं ढकलत चाललेला. थैलीत एकच रजिस्टर उरलं होतं, पंचफुलाच्या नावाचं, तालुक्याच्या कोर्टाचं. पंचफुलाचा नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नाल्याच्या अलीकडे लिंबाखाली तिचा दीर रामधन बसला होता, जसा काही वाटच बघत होता.

"काय गा ग्यानबा, कोनाचं हाय?"

"तुह्या वहिनीचं. कोर्टाचं दिसते."

"राहू दे मंग. वहिनी वावरात गेली. आन घरी असली तरी घेनार नाही ते. मले कालच म्हने, कोर्टाचा कागद मी हातात धरत नाही. कायले जीव जाळतं उन्हात? लिव नं, घेन्यास नकार."

आता यात नवल वाटावं असं काही नव्हतं. आमच्याकडे हे अगदी रोजचं. कोर्टाचा कागद घेतलाच नाही तर दावा अंगाला लागत नाही, अशी माणसांची पक्की समजूत. आणि कागद आला की दार लावून घेतात, आतून ओरडतात, "नाई घेत, लिहून टाक तुले काय लिहाचं ते!" ग्यानबानं आजवर पन्नास वेळा तरी तसं खरोखर लिहिलं असेल. पण प्रत्येक वेळी दारात उभं राहून, ज्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकून.

त्या दिवशी त्यानं नाल्याकडे बघितलं. उतार, वाळू, पुन्हा चढ. मग गुडघ्याकडे बघितलं. रामधननं तांब्या पुढं केला, ग्यानबा पाणी प्यायला, आणि सायकलच्या सीटवर पाकीट ठेवून त्यानं लिहिलं: घेण्यास नकार. खाली तारीख, खाली सही. पाकीट दुसऱ्या दिवशी परत कोर्टाकडे रवाना झालं. झालं काय, एका उताराचा आणि एका चढाचा कंटाळा.

दावा रामधननंच लावला होता. भावाच्या वाट्याचं नाल्याकाठचं वावर आपलंच आहे, असा. कोर्टानं पुकारलं, पंचफुला हजर नाही; कागद बघितला, तर नोटीस नाकारलेली. पुढच्या साली निकाल एकतर्फी रामधनच्या बाजूनं लागला. पंचफुलाला पत्ताच नाही! ती त्या वावरात तूर पेरत होती, निंदत होती. पीकविम्यासाठी सातबारा काढायला गेली, तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं.

तिनं रडून गाव डोक्यावर घेतलं. रामधन शांतपणे म्हणाला, "वहिनी, नोटीस आली होती. तुमीच नाई म्हनल्या. इचारा ग्यानबाले." आणि मग रामधनच्या घरचे हळूच सगळीकडे सांगू लागले, की नवरा गेल्यापासून हिच्या डोक्यात फरक पडला, काही ध्यानात राहत नाही बिचारीच्या.

पंचफुलानं विचारलं नाही. ग्यानबाला एका शब्दानं विचारलं नाही! यापेक्षा तिनं येऊन गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. उलट एके दिवशी तो तिच्या घरी विम्याचा कागद द्यायला गेला, तर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघाच रेघा. रेघांपुढं बारीक अक्षरात लिहिलेलं: दूधवाला आला. राखी आली, पातेलं नेलं. मीटरवाला. राखी म्हणजे शेजारची.

"हे काय वं बाई?" ग्यानबानं विचारलं.

"काही नाही भाऊ," ती म्हणाली. "आताशा इसरतो मी. कोन आलं, काय देल्लं, लिहून ठेवलेलं बरं." आणि कोळसा उचलून तिनं लिहिलं: ग्यानबाभाऊ आले, कागद देल्ला.

 ग्यानबानं चहा घेतला नाही, निघून आला. रात्री जेवला नाही. भागिरथा, त्याची बायको, म्हणाली, "कोनाचं काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, पित्त." त्याच्या डोळ्यांपुढं ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक नाचत होतं. सहा महिने आत. या वयात. लोक म्हणतील, बापानं गूळ वाटला होता याच्यासाठी!

त्यानंतर एक गंमत झाली. गंमतच म्हणायची, दुसरं काय. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला साहेब लोकांनी मीटिंग घेतली आणि सांगितलं, की अठराशे अठ्ठ्याण्णवचा कायदा गेला. सव्वाशे वर्षांनी गेला एकदाचा. नवा आला. ग्यानबानं हात वर करून विचारलं, "साहेब, मंग ते खोट्या नोंदीचं कलम?" साहेब हसले. म्हणाले, "काका, तुमी कायले घाबरता? ते कलम नव्या कायद्यात नाही. डिपार्टमेंटचे नियम हायेत, तेवढे पाळा."

बाकीचे चहाला उठले, ग्यानबा बसून राहिला. ज्या भीतीनं त्याचं तोंड शिवलं होतं ती गेली होती. आता घरी जाताना पंचफुलाच्या दारात थांबायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच काम. गेला नाही तो. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, त्या अख्ख्या वर्षात नाही. तेव्हा त्याचं त्यालाच कळून चुकलं, की तो तुरुंगाला भीतच नव्हता. पंचफुला काय म्हणेल, तिचा चेहरा कसा होईल, याला तो भीत होता. आणि ते कलम कोणत्याच पुस्तकात नसल्यामुळे रद्दही होत नव्हतं. कंटाळला बिचारा स्वतःला. थैली उचलायची, वाटायची, घरी येऊन गुडघ्याला तेल चोळायचं, आणि पुन्हा सकाळ.

२०२५ च्या जूनमध्ये थैलीत एक रजिस्टर निघालं, ते त्याच्याच नावाचं. कोर्टाचा समन्स. पंचफुलानं एकतर्फी निकाल उठवायचा अर्ज केला होता आणि साक्षीला डाकवाला. ग्यानबानं स्वतःलाच ते दिलं, स्वतःच सही करून घेतलं, आणि स्वतःच नोंद केली. भागिरथा दारातून बघत होती. तिला हसू आवरेना. मग त्याचं तोंड बघून ती हसायची थांबली.

त्याच संध्याकाळी पंचफुला आली. दारातच उभी राहिली, पदर नीट करत.

"भाऊ, रागावू नका. मी वकीलबाईले नाई म्हनत होती, की त्या मानसाले कायले तरास. आयकेच ना. तुमी लिवलं असंन तं मी तसं म्हनलंच असंन. माह्याच ध्यानातून गेलं. तुमी जे हाय ते सांगा, मले वाईट वाटनार नाही."

एवढं बोलून ती गेली. ग्यानबा टेबलाची कड धरून उभा होता. ती गेल्यावर भागिरथानं दार लोटलं आणि म्हणाली, "आता सांगता का मले, का मरून जाता?"

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. तिला मोठा धक्का बसला असं काही दिसलं नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला धक्के बसत नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "रिटायरमेंटचं काही अडकंन काय?"

"अडकू शकते. चौकशी लावतीन."

"लावू द्या," ती म्हणाली. "त्या बाईनं आपल्याले कप देल्ला होता."

रामधनही येऊन गेला, दोन दिवसांनी. खुर्ची ओढून बसला, बिडी पेटवली. "तुले काही नवीन बोलाचं नाही, ग्यानबा. कागदावर लिवलं तेच म्हन. तुहा कागद खरा, तू खरा. उलटं बोललास तं तूच फसशीन, मी नाही. मी कुठं सही केली?" खोटं नव्हतं त्याचं. सही एकट्या ग्यानबाचीच होती.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पंचफुलाची वकील पल्लवी त्याला भेटली. मुलीच्या वयाची, घाईत. ग्यानबानं तिला विचारलं, "बाई, माह्या दोन शब्दांत एवढी ताकद कशी काय हो?"

"काका, अठराशे सत्त्याण्णवचा एक कायदा आहे," ती म्हणाली. "पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, रजिस्टर टपाल केलं, की ते पोचलं असंच कोर्टानं धरायचं. आणि नकार लिहिला असेल, तर पोचूनही घेतलं नाही असं धरतात. तो कायदा अजून आहे. समोरच्यानं ते खोटं पाडलं तरच पडतं, आणि आमच्याकडे पंचफुलाबाईंच्या शब्दाशिवाय काही नाही. त्याही म्हणतात मला आठवत नाही."

म्हणजे बघा कसं! खोटं लिहिणाऱ्या डाकवाल्याला धरणारा इंग्रजाचा कायदा गेला, आणि डाकवाल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा इंग्रजाचा कायदा तसाच राहिला. ग्यानबा बाकावर बसला. इतका थकलेला तो आयुष्यात कधी नव्हता.

आत पुकारा झाला. शपथ झाली. पाकीट त्याच्या हातात दिलं. तीन वर्षांत कडा पिवळ्या पडल्या होत्या. अक्षर त्याचंच, जरा तिरपं, सायकलच्या सीटवर लिहिलेलं.

"हे तुमचं अक्षर आहे?" पल्लवीनं विचारलं.

"हाव."

"हे लिहिलं तेव्हा तुम्ही पंचफुलाबाईंच्या दारात उभे होता?"

कोर्टात पंखा फिरत होता. पंचफुला मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी धरून. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सांगा, घाबरू नका. धीर देत होती ती त्याला! त्या मान हलवण्यानं ग्यानबा आतून मोडला.

"नाही," तो म्हणाला. "मी दारात गेलो नाही. नाल्याच्या अलीकडं, लिंबाखाली लिवलं. बाईले मी पाकीट दाखवलंच नाही. रामधननं सांगतलं, तेच लिवलं."

रामधनचा वकील ताडकन उठला. "बेचाळीस वर्षांच्या नोकरीत किती खोट्या नोंदी केल्या तुम्ही?"

"एकच."

"आणि ती नेमकी हीच?"

"हाव साहेब. हेच."

"मग तीन वर्षं गप्प का बसलात?"

ग्यानबाला पुष्कळ सांगता आलं असतं. गुडघा, ऊन, लाल पुस्तक. "भेलो," तो म्हणाला, आणि न्यायाधीश मॅडमनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर तो कठड्याला टेकून उभा राहिला. पंचफुला पल्लवीबरोबर जवळून गेली. थांबली नाही. फक्त ती वकीलबाईला हळू म्हणताना ऐकू आली, "म्हंजे मी येडी नव्हती." एकदा म्हणाली, मग पुन्हा म्हणाली.

पुढचं तसं सरळ झालं. खात्यानं ग्यानबाकडे खुलासा मागवला. त्यानं दोन ओळींत दिला, की चूक माझी. नोव्हेंबरात एकतर्फी निकाल रद्द झाला, खटला पुन्हा पहिल्यापासून. वावर अजून मिळालं नव्हतं, पण पंचफुलाला आता उभं राहून बोलता येणार होतं. हे सगळं गावाला फोनवरच कळलं. कागद मागून यायचा होता.

तो आला ग्यानबाच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. रजिस्टर आता स्पीड पोस्टात मिसळलेलं, सही मोबाईलवर. पण पाकीट तसंच, कोर्टाचं. भागिरथा म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या हातून पाठवा." तो म्हणाला, "नाही." मोटरसायकल नाल्याशी ठेवली आणि उतार, वाळू, चढ पायीच केला. वाटेत दोनदा बसला.

पंचफुला ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. दारातून आतली भिंत दिसत होती; नवा चुना मारलेला, एकही रेघ नाही. तिनं त्याला बघितलं, उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. तोच कप. कान तुटला होता, पण तोच. ग्यानबानं तो घेतला, उभ्याउभ्याच प्यायला, आणि मग थैलीतून पाकीट काढून पुढं केलं.

तिनं हात पुढं केला नाही.

"कोर्टाचं हाय बाई. तुमच्या बाजूचं."

"ठाऊक हाय. वकीलबाईनं फोनवर सांगतलं, तिच्यापाशी हाये एक नक्कल." ती शेंगांकडे बघत बोलत होती. "तुमी खरं सांगतलं, ते चांगलं केलं. वावराचं मले काही नाही भाऊ. गेलं असतं तं गेलं असतं. पण मी दोन वर्सं माह्या डोक्याले दोष देत होती. भिंत काळी केली मी. तुमी त्या भिंतीपुढं बसून पाहत होते."

"हाव," ग्यानबा म्हणाला. "पाहत होतो."

"मंग तुमच्या हातून मले कागद नको."

तो बराच वेळ हात पुढं करून उभा राहिला. हात दुखायला लागला. शेवटी त्यानं विचारलं, "मंग काय लिवू?"

"जे हाय ते लिवा."

तुमच्या हातून नको, हे त्यानं या गावात आयुष्यभर ऐकलं होतं, कधी शब्दांत, कधी ओट्यावर बोट दाखवून. पण तेव्हा त्याचा काही गुन्हा नव्हता. या वेळी होता.

ग्यानबानं रिकामा कप ओट्यावर ठेवला, खिशातून पेन काढलं आणि तिच्यासमोर, तिच्या दारात उभं राहून पाकिटावर लिहिलं: घेण्यास नकार. खाली तारीख घातली, सही केली. तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. मग तो गुडघा धरत नाल्याचा उतार उतरू लागला.